प्रार्थनेची मराठी आणि भांडणाची मराठी : ख्रिस्ती कादंबरी लिहिताना, छापताना

प्रश्न : मी श्रीरामपूर तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका आहे. आमच्या घराण्याच्या चार पिढ्यांवर कादंबरी लिहिली आहे. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळानंतर पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, तिथून ती सुरू होते. हातानं लिहिलेली चारशे पानं आहेत. एका नावाजलेल्या प्रकाशकांनी ‘फार धार्मिक आहे’ म्हणून परत केली. चर्चशी संबंधित एका प्रकाशन संस्थेनं ‘यात संदेश कमी पडतो’ असं कळवलं. आता काय करू? पैसे जमवून स्वतःच छापू का?

उत्तर :

ताई, सलाम.

प्रश्नासोबत पाठवलेली पहिलं, तिसरं आणि नववं अशी तिन्ही प्रकरणं आणि बाकीच्या कादंबरीचा आराखडा मी दोनदा वाचला. गेली सव्वीस वर्षं मी ख्रिस्ती लेखकांची हस्तलिखितं तपासतोय आणि माझ्याही दोन कादंबऱ्या छापून झाल्या आहेत. स्वतः छापायचं की नाही, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. कादंबरीला अजून एक खर्डा हवाय. तो नीट उतरला तर प्रकाशकांची उत्तरंही बदलण्याची मला आशा आहे.

दोन्ही नकार तुम्हाला एकमेकांच्या विरुद्ध वाटले असतील. मला ते एकाच जागेवर बोट ठेवताना दिसतात. एकाला धर्म जास्त वाटला, दुसऱ्याला कमी. म्हणजे दोघांनाही तुमच्या गोष्टीत धर्म वेगळा काढता आला, भाजीतून खडा काढावा तसा. एकाला तो काढून टाकायचा होता, दुसऱ्याला आणखी घालायचा होता. श्रद्धा गोष्टीत मुरलेली असती, तर तिचं माप काढायला कुणाला जमलं नसतं.

आधी तिसरं प्रकरण घेऊ. पणजोबांचा बाप्तिस्मा. चौदा पानं, त्यातली नऊ पाद्रीसाहेबांच्या भाषणाची. भाषण चांगलं आहे, तुम्ही मनापासून लिहिलंय. पण भाषण संपतं, डोक्यावर पाणी पडतं, सगळ्यांच्या डोळ्यांत अश्रू येतात आणि प्रकरण संपतं. चौथं, तुम्ही लिहिल्याप्रमाणे, पंधरा वर्षांनंतर उघडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, ते कुठेच नाही.

त्या काळच्या नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यात दुसऱ्या दिवशीची सकाळ सोपी नव्हती. येसकरीची, म्हणजे वेशीवरच्या राखणीची, पाळी असायची, मेलेलं जनावर ओढून न्यायचं असायचं, सांगावे पोचवायचे असायचे. त्याच्या बदल्यात बलुतं आणि भाकरी. आता ख्रिस्ती झालेल्या माणसानं ही गावकीची कामं करायची की नाही? मिशनचं मत एक, पाटलाचं दुसरं, सख्ख्या भावांचं तिसरं. कामं सोडली तर सुगीत खळ्यावर मिळणारा वाटा धोक्यात येणार, आणि तो वाटा एकट्या पणजोबांचा नव्हता. नवव्या प्रकरणात तुमची आजी सहज बोलून जाते, की पणजोबांच्या धाकट्या भावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं ते मरेपर्यंत. ताई, कादंबरी त्या वाक्यात आहे! नऊ पानांचं भाषण नऊ ओळींत आणा आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्या भावाला बसवा. त्याचं म्हणणं त्याच्या बाजूनं पूर्ण मांडू द्या. त्याच्या घरात त्या साली धान्य किती आलं, ते दाखवा. पणजोबांनी काय गमावलं हे कळल्याशिवाय त्यांना काय मिळालं, हे वाचकाला कळणार नाही.

ही अडचण आपल्या परंपरेइतकीच जुनी आहे. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं, आणि ती एका ख्रिस्ती माणसानं लिहिलेली आहे, हे आपल्यातल्या लिहिणाऱ्यांनी विसरू नये. पदमनजींनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला आणि लगेच पुढच्या वर्षी हे पुस्तक आलं. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते आणि ठिकठिकाणी तिला विधवा भेटतात. त्या बायकांच्या हकिगती आजही अंगावर येतात. मात्र जिथं पात्रं धर्माच्या खरेखोटेपणावर बोलू लागतात, तिथं माझा हात पुढची पानं उलटू लागतो. लेखकाची तळमळ दोन्हीकडे सारखीच आहे. फरक एवढाच, की हकिगतीत बाई बोलते आणि वादात लेखक.

त्याच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ठेवा. ती कादंबरी नाही, आत्मचरित्र आहे. पण धर्मांतर घरात कसं घडतं, हे शिकायला मराठीत त्याहून चांगली शाळा मला माहीत नाही. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली वर्षं त्यांनी उघडी करून ठेवली आहेत : ताटातूट, राग, लोकांची बोलणी, पुन्हा एका छताखाली येणं. आणि एका छताखाली आल्यावरही सोवळं लगेच सुटत नाही, ते स्वयंपाकाशी आणि पिण्याच्या पाण्याशी अडून बसतं. मतं बदलतात आणि हात मागे राहतो. तो मागे राहिलेला हात तुमच्या प्रत्येक पिढीत शोधा.

आता भाषेकडे येतो. माझ्या मते तुमच्या हस्तलिखितातला मुख्य दोष तिथं आहे आणि तुमची सगळ्यात मोठी संपत्तीही तिथंच आहे.

आपल्या घरांत दोन मराठी नांदतात. एक शास्त्राची : ‘पाहा’, ‘ह्याकरिता’, ‘उपकारस्तुती’, ‘तारण’, ‘लेकरांस’. ती पवित्र शास्त्रातून, गायनाच्या पुस्तकातून, पाळकसाहेबांच्या तोंडून आली. दुसरी वस्तीवरची, चुलीपुढची, नळावरच्या भांडणाची. अक्षर न ओळखणाऱ्या माझ्या आजीला कितीतरी स्तोत्रं तोंडपाठ होती. ती ग्रंथातल्यासारखी प्रार्थना करायची आणि आमेन म्हणताच शेजारणीला दारातून गावरान शिवी हाणायची. तिच्या लेखी त्यात विसंगत काही नव्हतं. तुमच्या कादंबरीत मात्र सगळे एकच मराठी बोलतात, आणि ती पुस्तकातली. नवव्या प्रकरणातला प्रसंग बघा. १९७२ चा दुष्काळ, खडी फोडून आलेली आजी, दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, आणि चार नातवंडं. तुम्ही लिहिलंय :

“बाळांनो, परमेश्वराच्या असीम कृपेनेच आपणांस हे अन्न प्राप्त झाले आहे. त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांस काहीही उणे पडत नाही,” आजी म्हणाली.

दिवसभर खडी फोडलेली बाई नातवंडांशी असं बोलत नाही. कुणी म्हणेल, मग तिचं बोलणं गावरान करून टाका. तेवढ्यानंही भागणार नाही, कारण देवाशी ती खरोखरच पुस्तकी मराठीत बोलते. दोन्ही भाषा ठेवा आणि एकीत दुसरी घुसू द्या. मी नमुना म्हणून लिहून पाहिलं. तुमच्या हातून याहून चांगलं उतरेल :

आजीनं डोळे मिटले. “हे आमच्या प्रेमळ स्वर्गीय पित्या, ह्या अन्नाबद्दल आम्ही तुझी उपकारस्तुती करितो. तू आपल्या लेकरांस काही उणे…” ती थांबली. ताटलीत सुकडी मूठभर, पोरं चार. तिनं एक डोळा उघडला. “सुमे, हात काढ त्यातून. धाकट्याला आधी.” डोळा पुन्हा मिटला. “येशूच्या नावाने मागते, आमेन.” तिनं स्वतःला घेतलंच नाही.

‘मला काही उणे पडणार नाही’ हे तेविसाव्या स्तोत्रातलं वचन आपल्या वाचकाला पाठ आहे. ‘उणे’ एवढ्या एका शब्दावर त्याला पुढचं आठवतं. ज्यानं बायबल कधी उघडलं नाही, त्याला निदान ताटली दिसते. दोघांपैकी कुणालाही काही समजावून सांगावं लागत नाही. म्हणून शेवटी जोडलेली सहा पानांची शब्दसूची काढून टाका. ‘प्रभुभोजन’ म्हणजे काय हे सूचीतून कळत नाही. ज्याला मंडळीनं, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, त्यापासून दूर ठेवलंय तो माणूस शेवटच्या बाकावर कसा बसतो, हे दाखवलंत की कळतं.

तिसऱ्या पिढीबद्दल एक गोष्ट लिहायला मलाही जड जातंय. तुमचे वडील सरकारी नोकरीत लागले आणि ‘त्यांच्या दाखल्याचा प्रश्न सुटला’, असं तुम्ही आराखड्यात एका वाक्यात आटोपलंय. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, हे ओझं घेऊन आपली किती घरं जगली, ते तुम्हाला मी सांगायला नको. शाळेत नाव घालताना बापानं मुलाचं कोणतं नाव लिहिलं? मंडळीच्या रजिस्टरात कोणतं होतं? मरणानंतर कबरीवर कोणतं कोरलं? तुम्ही हा भाग घरच्यांच्या अब्रूसाठी टाळला असणार, आणि ती काळजी मला समजते. पात्रांची नावं, गाव, खातं बदला. हयात नातेवाइकांना ती पानं आधी वाचून दाखवा. मात्र प्रसंग गाळू नका. प्रभूपुढे खरं बोलणारं घराणं कचेरीत खोटं का लिहितं, हा प्रश्न टाळणारी कादंबरी मी तरी ख्रिस्ती म्हणणार नाही. चर्चमध्येही जात कशी मागच्या दारानं आली, पूर्वीचे महार आणि पूर्वीचे मांग यांच्यात सोयरिकी का अडल्या, हेही त्याच घरात घडलेलं आहे.

तपशिलाच्या चुका थोडक्यात सांगतो. तुमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे प्रॉटेस्टंट. तिथं पाळक असतात, त्यांना बायकामुलं असतात. पहिल्या प्रकरणात दोनदा त्यांना ‘फादर’ म्हटलंय. तुमची मावशी कॅथलिक घरात दिली आणि हरेगावच्या मतमाऊलीच्या, म्हणजे मरिया मातेच्या, यात्रेला जाते, हे छान आलंय. पण तिच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला मिस्साबलिदान, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस पवित्र करण्याचा विधी, दाखवलंत, आणि त्या दिवशी ते होत नाही. उपासना असते, क्रुसाला वंदन असतं, ख्रिस्तशरीर आदल्या दिवशी पवित्र केलेलं देतात. आणि आराखड्यातला तो धर्मगुरू, जो कबुलीजबाबात ऐकलेली गोष्ट मावशीच्या भल्यासाठी तिच्या नवऱ्याला सांगतो! कॅथलिक धर्मगुरूला ते कुठल्याही कारणासाठी करता येत नाही, त्याला चर्चमधली सगळ्यात कडक शिक्षा आहे. मोडायचंच असेल तर त्याचे परिणाम पुढची शंभर पानं भोगावे लागतील. एरवी गुपित दुसऱ्या वाटेनं फुटू द्या. वसईच्या किंवा गोव्याच्या एखाद्या कॅथलिक वाचकाला हा भाग छपाईआधी दाखवाच.

आता प्रकाशन. चारशे हस्तलिखित पानं म्हणजे, तुमच्या अक्षराच्या अंदाजानं, लाखभर शब्द. डेमी आकारात सव्वातीनशेच्या पुढे पानं जातील. छपाई सोळा पानांच्या फॉर्मच्या हिशेबानं होते, तेव्हा ३३६ पानं, एकवीस फॉर्म. पहिल्या कादंबरीसाठी हे जाड आहे. भाषणं गेली की ती आपोआप अडीचशेवर येईल आणि प्रकाशकाला किंमत आवाक्यात ठेवता येईल.

सगळं पुस्तक पाठवण्याआधी एक प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून छापून आणा. सुकडीचा प्रसंग त्यासाठी योग्य आहे. दिवाळी अंक उन्हाळ्यातच मजकूर गोळा करू लागतात, ख्रिस्ती नियतकालिकं नाताळ अंकासाठी पावसाळ्यानंतर. नगरला १८४२ मध्ये सुरू झालेलं ‘ज्ञानोदय’, वसईचं ‘सुवार्ता’ ही आपली परंपरा आहे. तरी मी सांगेन, की कथा आधी बाहेरच्या अंकाला पाठवा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा कितीतरी मराठी वाचकांना प्रथमच कळलं, की आपल्या शेजारी मराठीत प्रार्थना करणारी माणसं राहतात. त्या वाचकांना आपली गोष्ट हवी आहे. धर्म पटवून घ्यायला ते येणार नाहीत, पण एका घरात शिरायला येतील.

प्रकाशकाला पत्र लिहाल ते एका पानाचं. ‘ही कादंबरी प्रभूच्या गौरवासाठी लिहिली आहे’ हे मनात असू द्या, पत्रात नको. ‘धर्म बदलल्यामुळे खळ्यावरचा वाटा गमावलेल्या एका भावाचं आणि त्याच्याशी मरेपर्यंत न बोललेल्या दुसऱ्याचं घराणं, १९०० ते आज’, असं लिहा. सोबत दोन पानांचा सारांश, शेवटासकट, आणि पहिली तीन प्रकरणं युनिकोडमध्ये टाइप केलेली. मूळ हस्तलिखित कुणालाही देऊ नका. उत्तराला सहा महिने लागले तर खचू नका.

चर्चच्या आवारात पुस्तक विकायचं असेल तर तिथल्या पाळकांना किंवा धर्मगुरूंना आधी एक प्रत वाचायला द्या. कॅथलिक चर्चमध्ये धर्मविषयक पुस्तकं विक्रीला ठेवायला परवानगी लागते. कादंबरी लिहायला किंवा बाहेर छापायला ती लागत नाही. बायबलमधली वचनं चालू आवृत्तीतून पानभर उतरवायची असतील तर बायबल सोसायटीची लेखी परवानगी घ्या. पंडिता रमाबाईंचं भाषांतर स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर गेलेलं आहे, आणि पणजोबांच्या काळाला त्याचा बाज शोभूनही दिसेल. फक्त ते छापून आलं १९२४ मध्ये, म्हणून १९०० च्या पाद्र्याच्या तोंडी ते घालू नका.

करार लेखीच करा. स्वामित्वहक्क तुमच्याकडेच ठेवा, प्रकाशकाला ठरावीक मुदतीसाठी छापण्याचा हक्क द्या. कायद्यानं हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरतात. म्हणून दोन्ही लिहाच. मानधन छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास मागायला संकोच करू नका. ई-बुक, ऑडिओ आणि भाषांतर ही तिन्ही कलमं वेगळी असावीत. ‘लेखकानं पाचशे प्रती विकत घ्याव्यात’ असं कलम दिसलं तर समजा, की पुस्तक तुमच्या पैशांनी छापलं जातंय.

स्वतः छापण्याचा माझा अनुभव सांगतो. पहिल्या कादंबरीच्या वेळी मुद्रक म्हणाला, हजार छापल्या की प्रत स्वस्त पडते. मी हजार छापल्या. तीन संमेलनांत आणि मंडळ्यांत मिळून तीनशेच्या वर गेल्या. उरलेल्या माळ्यावर ठेवल्या आणि दुसऱ्या पावसाळ्यात वाळवी लागली. त्याहून जास्त लागलं ते मुद्रितशोधनाचं. जुन्या फाँटमधला मजकूर बदलून घेताना जोडाक्षरं फुटली, पन्नासेक ठिकाणी ‘ख्रिस्त’ तुटलेला छापला गेला. कागदावरचं शेवटचं प्रूफ मी पाहिलं नव्हतं. तुम्ही पाहा. ‘ख्रि’, ‘स्त्र’ आणि ‘ऱ्या’ या तीन जागा बोट ठेवून तपासा, आणि ‘येशू’चा शू सगळीकडे दीर्घ आहे ना, तेही. आता मागणीप्रमाणे पन्नास-शंभर प्रती छापता येतात, त्यामुळे हजारांच्या मोहात पडायचं कारण नाही. आयएसबीएन क्रमांक सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो, लेखक स्वतः अर्ज करू शकतो. छापल्यावर तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्यानं ठरवलेल्या इतर ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. स्वतः छापणारे हे बहुधा विसरतात.

त्याआधी एक दार जरूर ठोठवा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच असते. अर्ज कधी मागवतात आणि अटी काय, ते मंडळाच्या ताज्या जाहिरातीत पाहा. तिथं तुमच्या विषयाला कमीपणा मानतील अशी भीती बाळगू नका.

कादंबरीचं ‘तारणाचा प्रकाश’ हे नाव सध्या पेन्सिलीनं लिहून ठेवा. नवा खर्डा झाल्यावर मला तिसरं आणि नववं ही दोनच प्रकरणं पाठवा, आणि धाकट्या भावावरचं जे नवं लिहाल तेही. मोबाइलवरचे फोटो नकोत, डोळ्यांना त्रास होतो. झेरॉक्स पाठवा, एका बाजूला कोरी. डिसेंबरात आमच्या मंडळीचं गायन आणि नाताळच्या नाटकाची तालीम असते, त्यामुळे जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडला की मी वाचायला बसेन.